आहे त्या स्थितीत



घराचे खरेदीखत तुम्ही कधी ना कधी पाहिले असेल. स्वतःचे नसेल तर भावाचे, मेहुण्याचे. त्यात विकणारा 'लिहून देणार' असतो आणि घेणारा 'लिहून घेणार'. मधल्या कुठल्यातरी पानावर एक वाक्य येते. लिहून घेणार यांनी मिळकतीची समक्ष पाहणी केली असून मिळकत आहे त्या स्थितीत खरेदी घेतली आहे, त्याबाबत त्यांची कोणतीही तक्रार नाही व पुढे राहणार नाही, अशा अर्थाचे. त्याच कागदात वर कुठेतरी मिळकत 'निर्वेध व निजोखमी' असल्याचेही लिहिलेले असते. म्हणजे हक्काची जोखीम विकणाऱ्याने घेतली आणि भिंती, छप्पर, पाया यांची घेणाऱ्याच्या गळ्यात घातली. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हे वाक्य कोणी मोठ्याने वाचत नाही. अंगठे उठतात, फोटो निघतात, पेढे वाटले जातात.

माझा प्रश्न त्या एका वाक्याबद्दल आहे. विकणाऱ्याला घराचा एखादा दोष ठाऊक आहे. घेणाऱ्याला तो दिसलेला नाही. कागदावर 'आहे त्या स्थितीत' असे लिहिले आहे. मग विकणारा गप्प राहिला, तर तो खोटे बोलला का?

परमार्थाच्या मासिकात घराच्या व्यवहाराचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपला पंथ बाजार सोडून रानात गेलेल्यांचा नाही. तुकोबारायांच्या घरी वाण्याचा धंदा होता, गोरोबाकाका तेरला मडकी घडवत, नरहरी महाराज सोन्याचे काम करत, सावतोबांचा अरणला मळा होता. माल खरा की खोटा, माप पुरे की कमी, हे प्रश्न त्यांच्या हातांखालून रोज जात होते. आणि हा प्रश्न मी दुरून विचारत नाही. असे एक घर मी विकले आहे.

वडील गेल्यावर तालुक्याच्या गावातले आमचे जुने घर आम्हा दोघा भावांच्या नावावर आले. पुढच्या दोन खोल्यांवर वडिलांनी स्लॅब टाकला होता. मागचे माजघर मात्र आजोबांच्या वेळचे, माळवदाचे. ज्यांनी माळवद पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. जाड लाकडी तुळया, त्यांच्यावर आडवी लाकडे, त्यांच्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात असे घर गार राहते. पण दर पावसाळ्याआधी वर चढून माती सारखी करावी लागते, नाहीतर पाणी मुरते, आणि मुरलेल्या पाण्यामागून वाळवी येते. वडील थकले तसे ते वर चढणे थांबले. शेवटच्या दोन-तीन वर्षांत मधल्या तुळईचे भिंतीत गेलेले टोक वाळवीने पोखरले. मी स्वतः त्यात पेचकस घालून पाहिला होता. भुशात जावा तसा तो मुठीपर्यंत आत गेला.

घर विकायचे ठरले तेव्हा धाकट्या भावाने सुताराकडून त्या तुळईला तिन्ही बाजूंनी प्लायवूड मारून घेतले आणि वरून तेलरंग दिला. म्हणाला, "दादा, बघायला बरं दिसतं." त्याच्यावर सोसायटीचे कर्ज होते, मुलीचे लग्न तोंडावर आले होते. मी काही बोललो नाही. गप्प बसण्याची सुरुवात तिथूनच झाली. घेणारा तेव्हा अजून दारातही आलेला नव्हता.

घेणारा माणूस एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झालेला. आमच्याच दिंडीत चालणारा, तीन वर्षांची ओळख. घरात मुलगा, सून, दोन नातवंडे. निवृत्तीला मिळालेली जवळजवळ सगळी रक्कम तो या घरात घालत होता. पाहायला आला तेव्हा त्याचा मेहुणा म्हणाला, एखादा गवंडी आणून दाखवू. त्यावर हा माझ्यासमोरच त्याला म्हणाला, "माळकऱ्याचं घर आहे. त्यात ठोकून काय बघायचं?" मग माझ्याकडे वळून, "काय बुवा, सांगण्यासारखं काही असलं तर सांगा."

मी म्हणालो, "सगळं तुमच्यासमोरच आहे."

अक्षय्य तृतीयेनंतरच्या आठवड्यात खरेदीखत झाले. आमची मागणी २१ लाखांची होती, १८ वर ठरले. कमी केलेले ते ३ लाख हेच माझे समाधान होते. मनाशी म्हटले, दोषाचे पैसे आपण त्याला सोडले आहेतच.

आता पूर्वपक्ष मांडतो. तो कमकुवत करून मांडत नाही, कारण त्या उन्हाळ्यात त्याच्याच आधारावर मला झोप लागत होती. मी खोटे असे एकही वाक्य बोललो नव्हतो. घर खरोखरच त्याच्यासमोर होते. तो जाणता माणूस होता, जन्म तिकिटांचा हिशेब करण्यात गेलेला. गवंडी आणायला त्याला कोणी अडवले नव्हते. जुने घर म्हणजे जुने घर. साठ-सत्तर वर्षांच्या लाकडात वाळवी असणार हे कोणालाही कळते. किंमत त्याच हिशेबाने ठरली. शिवाय जो तो आपल्या वस्तूची उणीदुणी सांगत बसला, तर या जगात बैलही विकला जाणार नाही आणि घरही. घेणाऱ्याने पाहावे, विकणाऱ्याने द्यावे, अशी रीतच आहे. आणि कागदावर तर त्याची सहीच आहे.

यातला एकेक मुद्दा घेऊन बसलो तर प्रत्येकात काहीतरी खरे आहे, हे कबूल करतो. पण घराच्या दोषांकडे नीट पाहा. ते तीन तऱ्हेचे असतात. काही दोघांनाही दिसतात: फरशी फुटलेली आहे, जिना अरुंद आहे, नळाला पाणी एक दिवसाआड येते. काही दोघांनाही ठाऊक नसतात: पायाखाली काय आहे, भिंतीच्या पोटात काय आहे, ते देवालाच माहीत. आणि काही असे असतात की एकालाच ठाऊक, दुसऱ्याला नाही. 'आहे त्या स्थितीत' हे शब्द पहिल्या दोन तऱ्हांसाठी अगदी प्रामाणिक आहेत. पहिल्यात ते म्हणतात, पाहिलेस ना, मग नंतर कुरकुर नको. दुसऱ्यात म्हणतात, मलाही माहीत नाही, नशीब दोघांनी वाटून घेऊ. पण तिसऱ्या तऱ्हेला हेच शब्द लावले की त्यांचा अर्थ फिरतो. मग ते प्लायवूड होतात.

माझ्या बाबतीत तर घर 'आहे त्या स्थितीत' नव्हतेच. पोखरलेली तुळई उघडी ठेवून विकली असती तर ती आहे त्या स्थितीत विकली असे म्हणता आले असते. आम्ही विकली ती झाकलेल्या स्थितीत. आणि ते ३ लाख? भाव कमी करणे म्हणजे दोषाची भरपाई हे तेव्हाच खरे, जेव्हा घेणाऱ्याला कळते की भाव कशासाठी कमी झाला. त्याला वाटले बुवांनी ओळखीखातर सोडले. त्याने त्याबद्दल माझे आभारही मानले होते. त्या दिवशी मला आपण उदार आहोत असे वाटले. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटले होते.

पुढे एका वकिलाशी बोलणे झाले, तेव्हा ज्याला आपण कोरडा कायदा म्हणतो तो या बाबतीत माझ्यापेक्षा पुष्कळ ओला निघाला. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ सालचा, इंग्रजांच्या काळातला. त्याच्या ५५व्या कलमात लिहिले आहे की मिळकतीत जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही, आणि साधारण काळजी घेऊनही घेणाऱ्याच्या लक्षात येणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणे हे कपट, असे ते कलम शेवटी स्पष्ट म्हणते. मात्र सुरुवातीला 'करारात वेगळे ठरले नसेल तर' असेही शब्द आहेत, आणि वकील मंडळी 'आहे त्या स्थितीत'ची पाचर नेमकी तिथे मारतात. ती पाचर कोर्टात टिकते की नाही, हा त्यांचा विषय. माझा विषय ती मारावीशी का वाटते, हा आहे.

त्याहून मला धरून ठेवले ते करार अधिनियमाने. तो १८७२ चा. कपट म्हणजे काय हे सांगणारे त्याचे १७वे कलम आहे आणि त्याला घोड्याचे दृष्टांत जोडले आहेत. होय, दृष्टांतच; कीर्तनात आपण देतो तसे. एकाने लिलावात घोडा विकला. घोड्यात खोड आहे हे त्याला ठाऊक होते, तो बोलला नाही. कायदा म्हणतो, हे कपट नव्हे. नुसते गप्प राहणे हे सर्वसाधारणपणे कपट धरत नाहीत. पण लगेच दुसरा दृष्टांत येतो. घोडा घेणारी त्याची मुलगी असेल, नुकतीच सज्ञान झालेली, तर सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते, कारण नातेच तसे आहे. आणि तिसरा दृष्टांत असा की घेणारा म्हणतो, तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा निर्दोष समजेन. विकणारा गप्प बसतो. इथे ते गप्प बसणे बोलण्याबरोबरच आहे, असे कायदा म्हणतो.

माउली, तिसऱ्या दृष्टांतात मी स्वतःला लगेच ओळखले. 'सांगण्यासारखं काही असलं तर सांगा' याहून वेगळे त्या माणसाने काय विचारायला हवे होते? पण रात्रभर जागे ठेवले ते दुसऱ्याने. लेक असेल तर सांगावे लागते, परक्याला नाही. बाजारासाठी हा भेद ठीक असेल. पण आपण वारीच्या वाटेवर एकमेकांना काय म्हणून हाक मारतो? पाणी हवे असले तरी माउली, पाय लागला तरी माउली, पुढे सरका म्हणायचे तरी माउली. लहान पोराला माउली, म्हाताऱ्याला माउली, बंदोबस्तावरच्या पोलिसालाही माउली. सगळ्यांना आई म्हणणाऱ्या माणसाला परका घेणारा कुठून मिळणार? ही हाक जर फक्त आळंदी ते पंढरपूर एवढ्याच वाटेपुरती असेल आणि निबंधकाच्या कचेरीच्या पायरीशी सुटत असेल, तर ती हाक नाही, सवय आहे.

आणि माळेचे काय? त्या माणसाने घर तपासले नाही, कारण त्याने माझा गळा तपासला होता. गवंड्याला द्यायचे हजार-पाचशे त्याने वाचवले ते माझ्या तुळशीच्या माळेच्या भरवशावर. म्हणजे घराबरोबर मी माळही विकली, आणि तीही आहे त्या स्थितीत.

घेणाऱ्याचीही बाजू आहे, ती एकदम धुतलेली नसते. घर कोणी हौसेने आहे तसे विकत नाही. बहुतेकदा मागे दवाखाना असतो, कर्ज असते, वाटणीची भांडणे असतात. विकणारा अडला आहे हे ओळखून, 'आहे तसे घेतो पण निम्म्यात' म्हणणारे आणि तसे म्हणताना एकादशीचा उपास सांभाळणारे मी पाहिले आहेत. कायद्याचे तेच ५५वे कलम घेणाऱ्यालाही सोडत नाही. विकणाऱ्याच्या हक्काविषयी, त्या हक्काची किंमत बरीच वाढवणारी एखादी गोष्ट घेणाऱ्याला ठाऊक असेल आणि विकणाऱ्याला ती ठाऊक नसावी असे त्याला वाटत असेल, तर त्याने ती सांगितली पाहिजे. म्हाताऱ्या विधवेला सातबारा वाचता येत नाही याचा फायदा घेऊ नये, इतका साधा त्याचा अर्थ मी लावतो.

वर्तमानपत्रांत बँकांच्या लिलावाच्या नोटिसा येतात. कर्ज थकले म्हणून २००२ च्या सर्फेसी कायद्याखाली ताब्यात घेतलेली घरे 'जसे आहे, जेथे आहे, जे काही आहे' या तत्त्वावर विकायला काढलेली असतात. इथे निदान एक प्रामाणिकपणा आहे. बँक त्या घरात राहिलेली नाही, तिला माजघरातले काही ठाऊक नसते आणि ठाऊक असल्याचा आवही ती आणत नाही. असे घर घेऊ नये असे मी म्हणणार नाही. मात्र घेताना आधीच्या माणसाची भांडी दारात पडली असतील, तर ती निदान सावकाश उचलू द्यावीत.

मग सांगायचे तरी किती, असे मला एकाने विचारले. शेजारी भांडकुदळ आहे हे सांगायचे का? घरात कोणी गेले होते हे सांगायचे का? दाराचे तोंड दक्षिणेला आहे हे? शेवटचा दोष मी मानतच नाही. आळंदीहून पंढरीला निघालेल्याचे तोंड सगळी वाट आग्नेयेकडे असते, आणि त्याला वास्तुदोष लागल्याचे ऐकिवात नाही. बाकीच्यांसाठी मी त्या कायद्यातलीच कसोटी वापरतो. हेच घर माझी लेक घेत असती, तर तिला दाराआड बोलावून मी काय काय सांगितले असते? शेजाऱ्याचे सांगितले असते. पावसात मागच्या खोलीत पाणी येते ते सांगितले असते. कोणी म्हातारपणाने गेले असेल तर त्याचा उल्लेखही केला नसता. आणि तुळईचे? तिला त्या खोलीत एक रात्र झोपू दिले नसते.

आपल्याकडे एक बोलणे फार चालते. पांडुरंग आपल्याला आहे तसे घेतो. कीर्तनात ऐकतो, माना डोलावतो. ते खरेच आहे. विटेवरच्या देवाने कोणाची पाहणी केल्याचे ऐकिवात नाही. पण संत त्याच्या दाराशी कसे गेले ते पाहा. तुकोबारायांच्या गाथेत स्वतःचे दोष सांगणारे किती अभंग आहेत, ते एकदा मोजून पाहा. मी असा आहे, माझे मन असे आहे, माझ्या बोलण्यात आणि चालण्यात इतके अंतर आहे. न विचारता सांगतात. देवाला ते ठाऊकच आहे, तरी सांगतात. 'आहे तसा घे' हे म्हणण्याचा अधिकार त्यांना आहे, कारण प्लायवूड काढून ते उभे राहिले होते. आपण मात्र तेच शब्द तोंडात घेतो आणि त्यांची आड करतो.

गोरोबाकाकांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. संतमंडळी तेरला जमली होती. मुक्ताबाईंनी विचारले, काका, हे थापटणे कशाला? मडके कच्चे की पक्के ते कळायला, काका म्हणाले. मग या मडक्यांची परीक्षा होऊ द्या, असे मुक्ताबाई म्हणाल्या आणि काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे वाजवले. नामदेवराय चिडले आणि कच्चे ठरले. ही गोष्ट आपण नामदेवरायांच्या अहंकाराची म्हणून सांगतो. मला त्यात कुंभारही दिसतो. ज्याने मडके घडवले त्याला आवाजावरून कळते, आणि कळलेले तो चारचौघांत सांगतो. बाजारात नेण्याआधी सांगतो. देवाचा लाडका समोर आहे म्हणून आवाज झाकत नाही. नामदेवरायही रागावले खरे, पण तो शब्द त्यांनी शेवटी घेतला आणि विसोबा खेचरांकडे गेले.

त्या वर्षी वारीत लोणंद सोडले आणि पाऊस लागला. साधा नव्हे, इरल्यातून आत येणारा. चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण झाले. घोडे धावून गेले, टाळ थांबले, आणि रीतीप्रमाणे सगळे एकमेकांच्या पाया पडू लागले. तोही आला. चिखलात वाकून त्याने माझ्या पायांवर डोके ठेवले. मग मी वाकायचे होते. मी वाकलो. त्याच्या पायांचा चिखल कपाळाला लागला, आणि डोक्यात एवढेच आले की घरीही हाच पाऊस पडत असणार. वरची माती भिजून जड होत असणार.

पंढरपूरच्या महाद्वारी, नामदेव पायरीसमोर आपण चोखोबांच्या समाधीवर माथा टेकतो. ते कसे गेले? परंपरा सांगते की मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असताना कूस कोसळले आणि त्याखाली चोखोबा आणि बरोबरचे मजूर गाडले गेले. सन १३३८. हाडे ओळखून आणायला नामदेवराय गेले. लहानपणापासून ही गोष्ट ऐकताना हाडांतून येणाऱ्या नामाकडेच माझे लक्ष असे. त्या पावसात पहिल्यांदा मनात आले की ती भिंत कच्ची आहे हे आधी कोणाला ठाऊक असेल का? असेल, तर तो त्या दिवशी कुठे उभा होता?

त्या रात्री तरडगावच्या मुक्कामात, तंबूत, त्याच्या शेजारी बसून मी सांगितले. तुळई, पेचकस, प्लायवूड, सगळे. तो काही बोलला नाही. उठून बाहेर गेला आणि पावसात उभे राहून त्याने मुलाला फोन लावला. मला ऐकू येत होते. "पोरांना घेऊन पुढच्या खोलीत झोपा. आत्ता. का ते नंतर." मग त्याने तंबूच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पथारी टाकली.

फलटण, बरड, नातेपुते. तो माझ्या रांगेत चालला नाही. दिंडीतल्या एका जाणत्या महाराजांना मी हे सांगितले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "सांगायचं होतं तर इसाराच्या आधी." त्यात पुढे जोडण्यासारखे काही नव्हते. माळशिरसला तो आपणहून आला. म्हणाला, "बुवा, तुम्ही तेव्हा सांगितलं असतं तरी मी घर घेतलंच असतं. पैसे थोडे कमी दिले असते, तुळई बदलली असती. माझं दुखणं ते नाही. आता मला हे कळत नाही की तुम्ही अजून काय सांगितलेलं नाही. विहिरीचं म्हणालात ते खरं का? सामाईक भिंतीचं म्हणालात ते?"

दोन्ही खरे होते. पण मी ते कसे पटवून देणार होतो? सांगणाराही मीच, आणि साक्षीदारही मीच.

आषाढीनंतर गावी जाऊन गवंडी बोलावला. मधली तुळई काढून लोखंडी गर्डर टाकला, वरची माती उतरवून पत्रा घातला. सगळे मिळून १ लाख ४० हजार झाले. ते मी दिले, माझा वाटा आणि भावाचाही. झालेला व्यवहार मी विनाकारण उकरून काढला, असे भावाचे अजूनही मत आहे. कागदावर सही असताना कोणी पैसे परत देते का, असे तो विचारतो, आणि त्याच्या घरची ओढाताण मला दिसते म्हणून मी फार वाद घालत नाही. घेणाऱ्याने पैसे मोजून घेतले आणि वहीचे पान फाडून पावती लिहून दिली. 'दुरुस्तीपोटी मिळाले.' ती मी मागितली नव्हती.

पैसे घेतल्यावर तो म्हणाला, "जरा थांबा." आत जाऊन हातोडा घेऊन आला. उरलेल्या चारही तुळयांवरचा रंग त्याने आधीच खरवडून ठेवला होता. स्टुलावर चढून त्याने एकेक तुळई ठोकायला सुरुवात केली. टोकापासून, भिंतीपासून, मधोमध. दर ठोक्यानंतर तो थांबायचा आणि वाकून माझ्याकडे पाहायचा. मी मान हलवायचो. दारात त्याची नातवंडे उभी होती. लाकडाचा आवाज चांगला भरीव येत होता, तरी तो पुढची तुळई सोडत नव्हता, आणि मीही तिथून हललो नाही.